शॉवरचे विसण का बिघडते?

आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी मिसळून ते अंगाला सोसेल इतके करणे, याला आपण विसण घालणे म्हणतो. पुण्यातील वाड्यांमध्ये बंबातील पाणी घंगाळात काढून, त्यात तांब्याने गार पाणी ओतून आणि मधूनमधून हात बुडवून पाहून हे काम होत असे, आणि एकदा विसण जमले की घंगाळातील पाणी संपेपर्यंत ते बिघडण्याचे कारण नसे. शॉवरमध्ये विसण असे एकदा घालून ठेवता येत नाही. भिंतीतील मिक्सरमध्ये ते प्रत्येक क्षणी नव्याने घातले जात असते आणि त्याचे प्रमाण दोन पाइपांतील पाण्याचा दाब ठरवत असतो. त्यामुळे अंगाला साबण लावलेला असताना पाणी अचानक चटका देऊ लागते किंवा एकदम गार पडते, तेव्हा पुष्कळदा गीझरही ठीक असतो आणि मिक्सरही ठीक असतो. गरम आणि गार या दोन बाजूंच्या दाबांचा मेळ तेवढा सुटलेला असतो.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, या तक्रारीपायी होणारा खर्च अनेक घरांत चुकीच्या जागी होतो. आधी गीझर बदलला जातो, मग महागडा सिंगल लिव्हर मिक्सर बसवला जातो, आणि तरीही फरक पडला नाही की प्रेशर पंप आणला जातो, जो केवळ गार पाण्याच्या लाइनवर बसवला तर मूळ दुखणे वाढते. यांपैकी काहीही विकत घेण्यापूर्वी दोन्ही लाइनींचा दाब ताडून पाहायला हवा. त्यासाठी लागणारी साधने घरातच असतात, परंतु पाहायचे काय हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

दाब येतो कोठून

पुण्यातील बहुतेक सोसायट्यांमध्ये महापालिकेचे पाणी आधी जमिनीखालील टाकीत पडते, तेथून मोटरने गच्चीवरील टाकीत चढवले जाते आणि मग स्वतःच्या वजनाने डाउनटेक पाइपांमधून घराघरांत उतरते. म्हणजे नळाला मिळणारा दाब हा टाकीतील पाण्याची पातळी आणि आपला नळ यांच्या उंचीतील फरकातून येतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो. प्लंबर त्यालाच एक किलो प्रेशर म्हणतात. चार मजली इमारतीत टाकी जिन्याच्या खोलीच्या माथ्यावर असेल, तर सर्वांत वरच्या मजल्यावरील शॉवरला जेमतेम पाच मीटरचा, म्हणजे अर्ध्या किलोचा दाब मिळतो आणि सर्वांत खालच्या घराला त्याच्या जवळजवळ तिप्पट. हा झाला स्थिर पाण्याचा दाब. पाणी वाहू लागले की पाइपांचे घर्षण, वळणांवरील एल्बो, अर्धवट उघडे व्हॉल्व्ह आणि जाळ्या यांत त्यातील काही भाग खर्ची पडतो आणि उरेल तेवढाच मिक्सरपर्यंत पोचतो.

गीझरविषयीचा एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. साठवणीचा गीझर पाण्याला दाब देत नाही. त्याची टाकी कायम भरलेली असते; गरम पाण्याचा नळ उघडला की गार पाणी तिच्या तळाशी शिरते आणि माथ्यावरचे गरम पाणी तेवढेच बाहेर पडते. म्हणून गार आणि गरम या दोन्ही लाइनी एकाच टाकीवरून आणि एकाच डाउनटेकवरून निघत असतील, तर दोन्हींचा स्थिर दाब सारखाच असतो आणि जो फरक पडतो तो केवळ वाटेतील अडथळ्यांमुळे पडतो. गरम बाजूची वाट अर्थातच अधिक अडथळ्यांची असते, कारण तिच्यात गीझर, त्याच्या तोंडाशी बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दोन लवचिक जोडपाइप येतात. मात्र गरम पाणी गच्चीवरील सौर बंबातून येत असेल, किंवा गार पाणी थेट महापालिकेच्या लाइनवरून घेतलेले असेल, तर दोन बाजूंचे उगमच वेगळे होतात. उगम एकच आहे की दोन, हा प्रश्न पुढील सर्व तपासणीत पहिला आहे.

थोडी घट, मोठा चटका

दाबात थोडासा फरक पडल्याने तापमान इतके का बदलावे, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. समजा, कोथरूडमधील अशाच एका चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावर गार पाणी २० अंश सेल्सिअसचे आहे, गीझरमधील पाणी ६० अंशांचे आहे आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरचा दाब आहे. मिक्सर असा लावला आहे की दोन्ही बाजूंनी मिनिटाला चार-चार लिटर पाणी येते आणि शॉवरमधून ४० अंशांचे आठ लिटर पाणी पडते. या वेळी मिक्सरच्या पोटातही काही दाब असतो, कारण शॉवरची छिद्रे पाणी अडवून धरतात. हा दाब तीन मीटर धरू. म्हणजे प्रत्येक बाजूचे पाणी आत ढकलणारा खरा दाब पाचातून तीन वजा जाऊन दोनच मीटर उरतो.

आता घरात कोणीतरी फ्लश ओढला, त्याची टाकी भरू लागली आणि गार बाजूचा दाब पाच मीटरवरून साडेतीन मीटरवर आला. ही घट तीस टक्क्यांची आहे. परंतु तिच्यामुळे मिक्सरच्या पोटातील दाबही अडीच मीटरवर उतरतो, गार पाण्याला ढकलणारा दाब निम्मा होऊन एक मीटर राहतो आणि गरम पाण्याला ढकलणारा दाब मात्र दोनाचा अडीच मीटर होतो. प्रवाह हा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने गार पाणी चार लिटरवरून सुमारे २.८ लिटरवर येते, गरम पाणी साडेचार लिटरच्या घरात जाते आणि शॉवरचे पाणी ४० अंशांवरून साधारण ४४.५ अंशांवर पोचते. एवढा फरक अंगाला लगेच बोचतो. गार बाजूचा दाब आणखी घसरून दोन मीटरवर आला, तर हेच पाणी ५२ अंशांच्या आसपास जाते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, गरम बाजूला कोणीही हात लावलेला नाही आणि गीझरमधील पाणी पूर्वीइतकेच गरम आहे. तरीही गरम पाण्याचा प्रवाह वाढला, कारण समोरून होणारा विरोध कमी झाला.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शॉवरची छिद्रे क्षाराने बुजली की मिक्सरच्या पोटातील दाब वाढतो आणि पाणी आत ढकलणारा दाब आणखी कमी उरतो. वरच्याच उदाहरणात पोटातील दाब तीन मीटरऐवजी चार मीटर धरला, तर दीड मीटरच्या त्याच घटीने पाणी ४४.५ नव्हे, ४९ अंशांपर्यंत चढते. ज्या भागांत उन्हाळ्यात टँकरवर किंवा बोअरवेलवर भिस्त असते, तेथील जड पाण्याने ही छिद्रे लवकर बुजतात. पाणी वाचवणारे बारीक छिद्रांचे शॉवरही कमी दाबाच्या घरात याच कारणाने विसण अधिक हलवतात. तेव्हा पहिला उपाय अगदी किरकोळ आहे: शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावा, जुन्या ब्रशने घासावा आणि मग पुढील तपासणी सुरू करावी.

ही बाब केवळ गैरसोयीची नाही. गार पाणी पूर्णपणे बंद पडले तर शॉवरमधून गीझरच्या तापमानाचेच पाणी पडणार, आणि ६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची त्वचासुद्धा सुमारे पाच सेकंदांत गंभीररीत्या भाजू शकते. लहान मुलांची त्वचा पातळ असते आणि वृद्ध माणसांना चटकन बाजूला होता येत नाही. म्हणून दुरुस्ती व्हायची तेव्हा होवो, गीझरचा थर्मोस्टॅट आजच ५० ते ५५ अंशांवर आणून ठेवावा. त्यामुळे चटक्याला वरून मर्यादा पडते, आणि गरम पाण्याचा वाटा वाढून गारचा वाटा कमी झाल्यामुळे गार बाजूच्या हेलकाव्यांचा परिणामही सौम्य होतो. ५० अंशांच्या खाली मात्र जाऊ नये, कारण दीर्घकाळ कोमट राहिलेल्या साठ्यात अपायकारक जिवाणू वाढू शकतात.

बादली, घड्याळ आणि प्रेशर गेज

तपासणीपूर्वी तक्रार नेमकी कोणती, हे ठरवून घ्यावे. पाणी हळूहळू गार होत जात असेल तर तो दाबाचा दोष नसून साठा संपत आल्याची खूण असते: १५ लिटरच्या गीझरमधील ६० अंशांच्या पाण्यात २० अंशांचे पाणी मिसळून ४० अंशांचे फार तर ३० लिटर पाणी होते, आणि मिनिटाला आठ लिटरच्या शॉवरला ते चार मिनिटेही पुरत नाही. उलट, पाणी अचानक गरम किंवा गार होऊन थोड्या वेळाने पुन्हा पूर्ववत होत असेल, आणि तेही घरात किंवा शेजारी दुसरीकडे पाणी सुरू होताना, तर तो दाबाचाच खेळ असतो. गच्चीवरची टाकी एप्रिलमध्ये तापते आणि डिसेंबरच्या पहाटे थंडगार होते, म्हणून मिक्सरची खूण ऋतूप्रमाणे सरकते, परंतु ते सरकणे संथ असते आणि त्याचा या लेखाशी संबंध नाही.

दाबाचाच प्रश्न आहे असे वाटले तर त्रास ज्या वेळी होतो त्याच वेळी, म्हणजे बहुतेक घरांत सकाळी सात-साडेसातला, गीझरचे बटण बंद करून मिक्सरच्या खालच्या नळाखाली बादली ठेवावी. आधी केवळ गार बाजू पूर्ण उघडून दहा लिटर पाणी भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे, मग केवळ गरम बाजू पूर्ण उघडून तेच करावे. त्यानंतर फ्लशची टाकी भरत असताना दोन्ही मोजमापे पुन्हा घ्यावीत. गार पाण्याला ५० सेकंद आणि गरम पाण्याला ६० सेकंद लागत असतील तर ते स्वाभाविक आहे. गरम पाण्याला १०० सेकंद लागत असतील, तर मिक्सर कितीही चांगला असला तरी विसण डळमळीतच राहणार. आणि एरवी दोन्ही वेळा सारख्या असून फ्लश भरताना एकाच बाजूचा वेळ लांबत असेल, तर त्या बाजूचा पाइप वाटेत फ्लशबरोबर पाणी वाटून घेतो, हे उघड होते.

बादलीने प्रवाह कळतो, पण प्रवाह कमी का आहे हे सांगण्यासाठी प्रेशर गेज लागते. अर्धा इंची आट्याचे साधे घड्याळी गेज रविवार पेठेतील बोहरी आळीत किंवा कोणत्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. वरच्या मजल्यासाठी शून्य ते अडीच किलोचे घ्यावे, कारण दहा किलोच्या गेजवर अर्धा किलो नीट वाचताच येत नाही. शॉवरची नळी काढून त्या जागी गेज लावावे, घरातील बाकीचे सर्व नळ बंद करावेत आणि एका वेळी एकच बाजू उघडून काटा वाचावा. गरम बाजू वाचण्यापूर्वी गीझर बंद करून गरम नळ एकदा क्षणभर उघडावा, कारण तापताना फुगलेले पाणी व्हॉल्व्हमागे कोंडले जाते आणि तो कोंडलेला दाब काट्यावर खोटा आकडा दाखवतो. मग घरातीलच दुसरा एखादा नळ मोठा सोडून दोन्ही बाजू पुन्हा वाचाव्यात.

या आकड्यांचा अर्थ लावणे सोपे आहे. स्थिर दाब दोन्हीकडे सारखा आणि प्रवाह मात्र असमान, तर कमी प्रवाहाच्या वाटेत अडथळा आहे. स्थिर दाबच असमान, तर उगम वेगळे आहेत किंवा एका लाइनवर पंप आहे. आणि दोन्ही गोष्टी सारख्या असूनही दुसरा नळ सोडताच एक बाजू कोसळत असेल, तर सामाईक पाइप अरुंद आहे.

अडथळा असेल तर

अडथळ्याच्या बहुतेक जागा हाताच्या अंतरावर असतात. मिक्सरच्या दोन्ही तोंडांशी असलेल्या जाळ्यांमध्ये वाळू, गंजाचे कण आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे अडकतात. गीझरचा लवचिक जोडपाइप भिंत आणि गीझर यांच्यामध्ये दुमडलेला असतो. भिंतीतील कन्सील्ड व्हॉल्व्ह कधीतरी दुरुस्तीसाठी बंद केलेला असतो आणि नंतर अर्धाच उघडलेला राहतो. हे सर्व पाहून झाल्यावर गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हकडे वळावे. गरम पाणी मागे जाऊ न देणे आणि टाकीतील दाब मर्यादेबाहेर गेल्यास पाणी बाहेर सोडणे, ही दोन्ही कामे तो करतो. जड पाण्याने त्याची स्प्रिंग आणि झडप क्षाराने आवळली जाते आणि गरम पाण्याची धार बारीक होते. काही ठिकाणी धार वाढवण्यासाठी हा व्हॉल्व्ह काढून गीझर थेट जोडला जातो. असे कधीही करू देऊ नये. थर्मोस्टॅट अडकून पाणी उकळू लागले तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी ती महत्त्वाची वाट असते. व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर गीझरवर लिहिलेल्या दाबाच्या क्षमतेचाच नवा घ्यावा, बाणाची दिशा पाहून बसवावा आणि कामापूर्वी गीझरचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातील खटका, पाडून ठेवावा. पाणी तापत असताना या व्हॉल्व्हमधून पडणारे चार थेंब हा दोष नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

सामाईक पाइप अरुंद असेल तर

फ्लशमुळे बसणाऱ्या चटक्यावर एक उपाय असा आहे की ज्याला एक पैसाही लागत नाही, आणि तो आधी करून पाहिल्याशिवाय फरशी फोडायला घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. फ्लशच्या टाकीखालील अँगल कॉक, म्हणजे तिला पाणी देणारा छोटा नळ, थोडा आवळावा, म्हणजे टाकी एका मिनिटाऐवजी तीन मिनिटांत भरेल आणि शॉवरचे पाणी एकदम ओढून घेणार नाही. वॉशिंग मशीनच्या नळालाही हेच लागू पडते. मात्र टाकीऐवजी भिंतीतला फ्लश व्हॉल्व्ह असेल तर हा उपाय चालत नाही, कारण त्याला काही सेकंदांत भरपूर पाणी लागते आणि ते आवळले तर फ्लशच नीट होत नाही. त्याची लाइन स्वतंत्रच हवी.

बाथरूमचे नूतनीकरण निघालेच असेल तर शॉवरच्या मिक्सरपर्यंत येणारी मुख्य लाइन अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची घ्यावी आणि फाटे शेवटी अर्ध्या इंचाचे करावेत. पाइपाचा आतील व्यास दीडपट केला की तेवढ्याच प्रवाहासाठी घर्षणात जाणारा दाब साधारण सातव्या हिश्शावर येतो, म्हणून पाव इंचाचा हा फरक दिसतो त्याहून पुष्कळ मोठा असतो.

वरच्या मजल्यावर कधीकधी घरातील सर्व नळ बंद असतानाही शॉवर हेलकावे खातो, कारण त्याच डाउनटेकवरील खालच्या घरांत पाणी सुरू झालेले असते. एका फ्लॅटधारकाने आपल्या घरात काहीही केले तरी हा दोष पूर्ण जात नाही. गच्चीवरील आडव्या लाइनचा व्यास वाढवणे, डाउनटेकच्या माथ्यावरील एअर व्हेंट, म्हणजे हवेसाठी उघडी ठेवलेली नळी, मोकळा आहे ना ते पाहणे, आणि वरच्या एक-दोन मजल्यांना टाकीपासून वेगळी लाइन देणे, हे सोसायटीने करण्याचे काम आहे आणि ते वार्षिक सभेत आकड्यांसह मांडले तर अधिक लवकर पटते.

उगम दोन असतील तर

पुण्यातील अनेक इमारतींच्या गच्चीवर सौर बंब आहेत आणि विसणाच्या सर्वांत चिवट तक्रारी तेथूनच येतात. सौर बंबाच्या उघड्या टाकीचा दाब तिच्यातील पाण्याच्या पातळीवर ठरतो, गरम लाइन गच्चीपासून घरापर्यंत स्वतंत्र आणि बहुधा बारीक असते, आणि ती वाटेत गीझरमधून फिरवलेली असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हही तिचा थोडा दाब खातो. अशा घरात गार बाजू जवळजवळ नेहमीच वरचढ ठरते. येथे गार बाजूचा कन्सील्ड व्हॉल्व्ह थोडा आवळून दोन्ही बाजूंच्या बादलीच्या वेळा सारख्या करणे, हा पहिला उपाय. तो ठराविक प्रवाहालाच अचूक लागू पडतो, पण अनेक घरांत तेवढ्याने भागते. खालच्या मजल्यांवर, जेथे दाब मुबलक असतो, गार लाइनवर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह बसवून तिचा दाब गरम बाजूच्या बरोबरीला आणणे अधिक चांगले. वरच्या मजल्यावर कमी करायला दाबच उरलेला नसतो, म्हणून तेथे त्याचा उपयोग नाही.

खरी गुंतागुंत पंपाने होते. आमच्याच इमारतीत एका घराने शॉवरची धार वाढवण्यासाठी गार लाइनवर पंप बसवला. त्यानंतर काही दिवसांतच वरच्या-खालच्या घरांत गरम नळाला गार पाणी येऊ लागले आणि गच्चीवर सौर टाकीच्या व्हेंट पाइपातून पाणी वाहताना दिसू लागले. सर्वांनी आधी सौर यंत्रणेला दोष दिला. प्रत्यक्षात पंपाचे जोरदार गार पाणी मिक्सरच्या पोटातून गरम लाइनमध्ये घुसून उलटे गच्चीवर चढत होते, आणि ज्या हँड शॉवरचे बटण हातातच बंद करण्याची सोय असते, तो मिक्सर उघडा ठेवूनच बंद केला की ही वाट सतत खुली राहत होती. शोध लागला तो गरम पाइपाला हात लावून पाहिल्यावर: कोणी वापरत नसतानाही तो गार पडत होता. पुढे त्या घरातील मिक्सरच्या दोन्ही बाजूंना पाणी उलटे जाऊ न देणारे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवले, तेव्हा शेजाऱ्यांचा त्रास थांबला. पण त्या घराचे स्वतःचे विसण तेवढ्याने जमले नाही, कारण उलटा प्रवाह थांबवणे वेगळे आणि दाब समान करणे वेगळे.

पंप हवाच असेल तर तो अशा जागी हवा की त्याच्या पुढे गार आणि गरम असे दोन फाटे फुटतील. केवळ गीझर असलेल्या घरात हे सहज जमते: टाकीकडून येणाऱ्या लाइनवर पंप, मग एक फाटा गीझरला आणि दुसरा मिक्सरला. पंपाचा सर्वोच्च दाब गीझरच्या दाब सोसण्याच्या क्षमतेच्या बराच खाली असल्याची खात्री करावी. सौर बंब असेल तर गरम लाइनसाठी गरम पाणी सोसणारा दुसरा पंप लागतो, आणि सौर टाकी सामाईक असेल तर त्यापूर्वी सोसायटीची परवानगी घ्यावी. महापालिकेच्या नळाला मात्र थेट मोटर जोडणे नियमबाह्य आहे. काही जुन्या बंगल्यांत गार पाणी महापालिकेच्या थेट लाइनवर आणि गीझर टाकीवर असतो. पाणी येण्याच्या वेळेत आणि एरवी तेथे विसण वेगवेगळे लागते. तेथे सरळ उपाय एकच, बाथरूमच्या दोन्ही लाइनी टाकीवर घेणे.

गॅस गीझर आणि इन्स्टंट गीझर

या दोन प्रकारांत साठा नसतो किंवा नाममात्र असतो, म्हणून दाबाबरोबर गरम पाण्याचे तापमानही बदलते आणि विसण दुहेरी बिघडते. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला दोन लिटर पाणी साधारण २१ अंशांनी तापवतो, आणि प्रवाह चार लिटर झाला की तेच पाणी ११ अंशांच्या आतच तापते. हिवाळ्यात एवढ्यावर शॉवर चालत नाही. गॅस गीझरमध्ये बर्नर पाण्याच्या दाबावर पेटतो. मिक्सरमध्ये गार बाजू वरचढ झाली की गरम पाण्याचा प्रवाह मंदावतो, ठराविक मर्यादेखाली जाताच ज्योत विझते आणि अंगावर एकदम गार पाणी येते. येथे मिक्सरमध्ये विसण न घालता गीझरवरील गॅसचा आणि पाण्याचा खटका फिरवून बाहेर पडणारे पाणीच आंघोळीच्या तापमानाचे करावे, आणि गार बाजू शक्यतो बंद ठेवावी. गॅस गीझर बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. बंद जागेत त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो.

महागडे मिक्सर केव्हा घ्यावेत

बाजारात दोन प्रकारचे मिक्सर या दुखण्यावर उपाय म्हणून मिळतात. प्रेशर बॅलन्सिंग प्रकारात एक सरकता दट्ट्या असतो. एका बाजूचा दाब घसरला की तो दुसऱ्या बाजूची वाट त्याच प्रमाणात अरुंद करतो. त्याला तापमान कळत नाही, त्यामुळे गीझर गार पडत असेल तर तो काही करू शकत नाही, पण फ्लशच्या चटक्यापासून तो चांगला बचाव करतो. थर्मोस्टॅटिक प्रकारात मिसळलेल्या पाण्यातच मेणाची एक लहान कुपी असते. पाणी तापले की मेण प्रसरण पावते आणि गरम बाजू आवळते, गार झाले की उलट घडते. अशा मिक्सरने दाब आणि तापमान या दोन्हींतील बदल सांभाळले जातात, आणि घरात लहान मुले किंवा वृद्ध माणसे असतील तर त्यावरचा खर्च मला योग्य वाटतो.

परंतु दोन्ही प्रकार जोरकस बाजूला कमकुवत बाजूपर्यंत खाली आणतात. नसलेला दाब ते निर्माण करत नाहीत. अनेक थर्मोस्टॅटिक मिक्सरना नीट चालण्यासाठी अर्धा ते एक किलो दाब लागतो, जो चौथ्या मजल्यावर टाकीच्या उंचीतून मिळेलच असे नाही. खोक्यावरचा किमान दाब आणि आपल्या गेजवरचा आकडा दुकानातच ताडून पाहावा. त्यांच्या बारीक वाटा जड पाण्याने बुजतात, म्हणून आधी दोन्ही लाइनींवर जाळी असलेले गाळणे लावावे आणि कार्ट्रिज, म्हणजे मिक्सरच्या आतला बदलता येणारा भाग, भिंत न फोडता काढता येईल असाच नमुना निवडावा.

काम कोणतेही केले तरी ते झाल्यावर प्लंबर घरात असतानाच बादलीची तीच चाचणी पुन्हा घ्यावी: दोन्ही बाजू वेगवेगळ्या, मग फ्लश भरताना, आणि मिक्सर मधोमध ठेवून शॉवरखाली थर्मामीटर धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, म्हणजे इमारतीतील सर्व घरे पाणी वापरत असताना, ती एकदा आणखी घ्यावी आणि दोन्ही वेळचे सेकंद व गेजचे आकडे तारखेसह गीझरच्या शेजारी चिकटवून ठेवावेत, म्हणजे वर्षभराने क्षार साचून गरम बाजूची धार मंदावू लागली तर ती किती मंदावली हे अंदाजाने सांगावे लागणार नाही.